ओळीवर बोट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यानं आधीच माफ करावं. वाचणारा तसा एकच आहे. त्याला माझं अक्षर माहीत आहे, कारण शाळेत तांदूळ-डाळ उतरवून घेताना मी केलेल्या सह्या त्यानं कैक वेळा पाहिल्यात. चौथीनंतर मी शाळेची पायरी चढले ती एकदम खिचडी शिजवायलाच. मधल्या वर्षांत हातात पेन यायचं ते बँकेत गेलं तर, आणि तिथंही मागचा माणूस "आटपा गो बाय" म्हणायचा, की माझी सही निम्मी राहायची.

हे लिहायला कारण एक चिंचोका आहे. आमच्या घरात चुलीवरच्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी तो ठेवलाय. तो गावंड सरांचा. सर निरोपाच्या दिवशी सगळ्या गावासमोर बोलले, "या ताई एक दिवस लिहितील," आणि त्या वाक्यापायी त्यांना तो चिंचोका भरावा लागला. मी लिहिलं तर तो त्यांना परत मिळणार, नाही लिहिलं तर नाही. सर आता पेणला रामवाडीत असतात. वय झालंय, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासणाऱ्या माणसाचं स्वतःचं वाक्य माझ्यामुळं लटकत राहावं, हे मला बरं वाटत नाही. म्हणून शाळेतल्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. घरात कुणाला सांगितलेलं नाही. मालकांनी विचारलं तर सामानाची यादी करतेय म्हणते.

आमची शाळा रोहा-कोलाड रस्त्यापासून आत, नदीच्या बाजूला. सर पेणहून सकाळच्या गाडीनं रोह्याला यायचे आणि पुढं मिनीडोर रिक्षानं. पहिल्याच दिवशी ते उशिरा आले, कारण मिनीडोरवाल्याशी वाद झाला. तो म्हणाला, बसा, शाळेपाशी सोडतो. सरांनी गाडीच्या काचेवरच्या पाटीवर बोट ठेवलं. "इथं तर कोलाड लिहिलंय."

"अवो सर, गाडी मी चालवतो. पाटी शेठची हाय."

"मग मी कुणाचं ऐकायचं?"

"पावसात भिजायचं नसंल तर माझं ऐका."

सर बसले, पण वाटभर पाटीकडं बघत होते म्हणे.

त्यांचं ते बोट मला अजून दिसतं. उजव्या हाताचं, लांब, आणि खडूची पांढरी भुकटी त्याच्या रेघांत कायमची मुरलेली. काहीही वाचायचं तर ते बोट पुढं यायचं. दुकानाची पाटी, औषधाची पट्टी, यष्टीचं वेळापत्रक. सर चिडके नव्हते, पण हट्टी होते. शाळा समितीचे अध्यक्ष बाळारामशेठ यांच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' असं लिहिलेलं होतं. सर पहिल्यांदा त्यांना भेटायला गेले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. बाळारामशेठ आतून ओरडतायत, "या ना सर, या!" सरांचं बोट पाटीवर. "कुत्रा?"

"तो मेला कवाच."

"मग पाटी?"

"पाटी चांगली हाय अजून."

सर आत गेले, पण चहा पिताना म्हणाले, "पाटी काढा, नाहीतर कुत्रा आणा." बाळारामशेठना ते लागलं. गावात त्यांना असं कुणी बोलत नाही.

माझी आणि सरांची ओळख तोंडानं झालीच नाही. मी माणसांशी बोलायला बिचकते, पुरुष माणसाशी जास्तच. पण शाळेत रोज खिचडी पोरांना वाढायच्या आधी मास्तरांनी चाखायची आणि चवीच्या वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. आधीचे गुरुजी आठवडाभराचं 'उत्तम' सोमवारीच लिहून टाकायचे. गावंड सर मांडी घालून बसायचे, घास तोंडात घोळवायचे आणि लिहायचे. 'डाळ शिजली, तांदूळ घाईत उतरवला. पुरावा: तिसऱ्या घासात कणी लागली.' मला आधी रडू आलं. मग मी रोज तो शेरा वाचायला लागले. माझ्याबद्दल जगात कुणी काही लिहिलं असेल तर ते तेवढंच. एकदा त्यांनी लिहिलं, 'मीठ कमी.' मी दोनदा चाखून बघितलं होतं. त्या दिवशी काय अंगात आलं कोण जाणे, सर वर्गात गेल्यावर मी त्यांचंच पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'मीठ बरोबर. सरांना सर्दी. पुरावा: सकाळपासून शिंकतात.'

दुसऱ्या दिवशी वही उघडल्यावर सर असे हसले की वर्गातली पोरं उठून दारात आली. मी मोठ्या पातेल्यामागं बसून राहिले. त्यांनी माझ्या ओळीखाली लिहिलं, 'मान्य.'

माझी स्वयंपाकाची खोली आणि वर्ग यांच्या मध्ये एक खिडकी. तिला काच नाही, नुसते गज. त्यामुळं सरांचं सगळं शिकवणं फोडणीबरोबर माझ्या कानात यायचं.

त्यांनी आल्या आल्या गावातल्या दुकानदाराकडून त्याची जुनी पाटी मागून आणली, 'आज रोख उद्या उधार', आणि ती फळ्याच्या वर टांगली. अंगणातल्या चिंचेचे चिंचोके गोळा करून सोमवारी प्रत्येकाला मूठभर वाटले. म्हणाले, "धडा वाचून जो काही मत देईल, त्यानं लगेच ओळीवर बोट ठेवायचं. कुठल्या ओळीवरून म्हणतोस, ते दाखवायचं. ओळ सापडली नाही तर एक चिंचोका डब्यात. ते वाक्य उधारीवर गेलं. नंतर ओळ सापडली तर चिंचोका परत." डबा पत्र्याचा होता, खाली गंजलेला. चिंचोका पडला की वर्गभर ठण्ण असा आवाज व्हायचा. पोरांना बेअब्रू वाटायची ती त्या आवाजाची. छडी सरांनी कधी वापरली नाही.

त्या वर्षी पुस्तकात एका म्हातारीचा धडा होता. टेकडीखाली झोपडी, झोपडीत एक मडकं, एक चूल आणि दारात एक शेळी. एवढाच धडा. आधीच्या गुरुजींनी असा धडा खिचडीला उकळी यायच्या आत संपवला असता. सरांनी विचारलं, "म्हातारी कशी होती?"

"गरीब!" सगळी पोरं एकदम.

"ओळीवर बोट."

एकानं चित्रावर बोट ठेवलं. "फाटकं लुगडं हाय, सर."

"चित्र काढणारा वेगळा, लिहिणारा वेगळा. लिहिणाऱ्यानं लुगडं फाडलेलं नाही. डब्यात."

ठण्ण.

"सर, एकच मडकं हाय," दुसरा म्हणाला.

"हां. ही ओळ झाली."

मागून एक पोरगी उठली. "एकट्या बाईला दोन मडकी कशाला, सर? माझ्या आज्जीकडं पन एकच हाय, आन तिच्या गाठीला पैसं हायत."

"आन शेळी हाय!" बोकड विकणाऱ्या घरातला एक पोरगा उसळून उठला. "शेळीवाली गरीब कशी असंल? आज शेळीला भाव बघा की!"

"भाव धड्यात आहे?"

"नाय."

ठण्ण.

दुसऱ्या दिवशीही म्हातारी. तिसऱ्या दिवशीही म्हातारी. माझी खिचडी गार व्हायची. मी गजाआडून पळी वाजवायची, तेवढंच माझं बोलणं. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी मी पळी वाजवायची विसरले, कारण मलाही कळायला हवं होतं ती म्हातारी कशी होती.

वाडीवरची सोनी तोवर कधी बोललेली नव्हती. तिची माणसं नदीकाठच्या कातकरीवाडीतली, मजुरीवर जाणारी. कामाच्या दिवसांत आईबापाबरोबर तीही जायची, मग परत आल्यावर मागच्या बाकावर बसायची आणि मूठ गच्च मिटून आपले चिंचोके सांभाळायची. न बोलणाऱ्याचे चिंचोके कमी होत नाहीत, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्या दिवशी तिनं हात वर केला. पुस्तक घेऊन ती पार फळ्यापाशी गेली आणि सरांच्या पुस्तकावरच बोट ठेवलं.

"म्हातारी एकटी व्हती."

"ओळ?"

"ही. 'ती दिवसभर शेळीशी बोलत असे.' घरात माणूस असतं तर शेळीशी कशाला बोलली असती?"

सरांनी ती ओळ पुन्हा एकदा बोटाखालून नेली. मग स्वतःच्या खिशातला चिंचोका काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला. "मी इतकी वर्षं हा धडा शिकवला," ते म्हणाले, "आणि मी तिला गरीबच समजत होतो." त्या दिवशीचा शेरा मला पाठ आहे. 'खिचडी गार. दोष शिजवणारीचा नाही.'

ही सवय शाळेत राहिली असती तर ठीक. पण पोरं ती घरी घेऊन गेली. कुणाचा बाप म्हणाला, "मी तुझ्याएवढा असताना शेतावर एकट्यानं नांगर धरायचो," तर पोरगा म्हणाला, "कुठं लिवलंय?" आणि आज्यानं वरून साक्ष दिली, की लिहिलेलं नाही आणि धरलेलाही नाही. त्या घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. एक आई रागानं शाळेत आली. "सर, ह्या पोरीला काय शिकवलंत तुमी? उपासाला साबुदाणा चालतो म्हनून कुठं लिवलंय, इचारते मला! भूक लागली की मातर गप खाते."

सरांनी त्या पोरीला उभं केलं. "घरात आई बोलली की ती ओळच समजायची," ते म्हणाले. "तिथं चिंचोका चालत नाही." ती आई खूश होऊन गेली. पण अंगणात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, ती वळून म्हणाली, "आन बाप बोलला तर?" सर म्हणाले, "बापाची तपासून घ्यावी."

सर सगळीकडं जिंकायचे असं मात्र नाही. एकदा ते साफ हरले, आणि तेही घरच्याच माणसाकडून.

बाळारामशेठच्या मुलीचं लग्न होतं. सर आणि त्यांच्या घरच्या, त्यांना सगळे माई म्हणतात, दोघं पेणहून आली. मी वाढपात होते. मांडवाच्या तोंडाशी टेबल टाकून शेठचे मेव्हणे आहेर लिहून घेत होते. सर टेबलाशी आले आणि हात जोडून पुढं निघाले. मेव्हण्यांनी पेन तसंच धरून ठेवलं. "सर, नाव?"

सरांनी खिशातून लग्नपत्रिका काढली, उलगडली आणि बोट ठेवलं. "'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर. कृपया आहेर आणू नये.' मी उपस्थित आहे."

मागं रांगेत सगळं गाव भेटवस्तू घेऊन उभं. कुणाच्या हातात डब्यांचा सेट, कुणाच्या हातात भिंतीवरचं घड्याळ. सगळ्यांनी आपापली वस्तू जरा मागं घेतली. बाळारामशेठ बाजूलाच फेटा सावरत होते. त्यांचं तोंड मला दिसलं.

माई लाजेनं अर्ध्या झाल्या होत्या. नंतर पंगतीत मी वाढत असताना त्या सरांच्या कानाशी लागून बोलत होत्या, पण मांडवातल्या वाजंत्रीमुळं मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळं मलाही ऐकू आलं. "पिशवीत पेले घेतले होते मी. घरातून निघताना तुमी काढून ठेवलेत."

"पण पत्रिकेत स्पष्ट लिहिलंय..."

"अवो, ते लिहायचं असतं, वाचायचं नसतं!"

सर घास हातात धरून तसेच बसले. जिलबी दुसऱ्यांदा आली तर त्यांनी पाहिलीही नाही. शेवटी म्हणाले, "तुझं बरोबर आहे. टेबलावर पेन घेऊन माणूस बसलाय, ही दुसरी ओळ झाली. ती मी वाचलीच नाही. एक चिंचोका माझ्याकडं लागला तुझा."

"मला काय करायचाय तुमचा चिंचोका?" माई म्हणाल्या. पण पुढं म्हणाल्या, "लक्षात ठेवीन मात्र."

सोमवारी फळ्यावर नवीन नियम लागला. 'एक ओळ म्हणजे साक्षीदार. दोन ओळी म्हणजे पुरावा.' पोरांनी विचारलं, सर, हे कुणी शिकवलं? सर म्हणाले, "आमच्या घरी एक मोठ्या बाई आहेत."

ते लग्न सरांना पुढं जड गेलं. बाळारामशेठ समितीचे अध्यक्ष. त्यांनी मनात धरलं. रोह्याकडं एक नवीन इंग्रजी शाळा निघाली होती, पिवळी गाडी गावात फिरून गेली होती. आमच्या शाळेचा पट आधीच घसरलेला. आणखी थोडी पोरं गेली असती तर शाळा बंद, आणि सर कुठं तरी लांब, आणि माझी चूलही बंद. शेठनी सभा बोलावली. पालक आले, वाडीवरची माणसं आली आणि अंगणात लांब बसली. मी नेहमीसारखी गजाआड.

शेठनी गुळगुळीत रंगीत कागद वर धरला. "हे बघा! हिकडं आपल्या शाळेत तीन दिस काय शिकवतात, तर एक म्हातारी आन एक शेळी. आन तिकडं पोरं पोहायला शिकतात, कॉम्पुटर शिकतात!"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पोहणं तर आमची पोरं नदीतच शिकतात, पण ते फुकट असल्यामुळं त्याला कुणी शिकणं म्हणत नाही.

सर म्हणाले, "कागद द्या जरा. सोनी, ये. वाच."

शेठ म्हणाले, "वाडीवरची पोर काय वाचणार?"

सोनी तोवर कागदाशी पोचली होती. बोट फिरायला लागलं. "'प्रशस्त इमारत.' 'अनुभवी शिक्षक.' 'संगणक कक्ष, नियोजित.'"

"नियोजित म्हणजे?" सरांनी विचारलं.

"ठरवलाय. अजून झाला नाय."

"आणि पोहायचं कुठं लिहिलंय?"

तिचं बोट वरून खाली गेलं, पाठीमागच्या पानावर गेलं, परत पुढं आलं. सगळी सभा त्या बोटाबरोबर मान हलवत होती. "लिवलेलं नाय, सर. निळ्या पान्याचं चित्र हाय."

आणि बाहेर अंगणात खेळणारी सगळी पोरं एका सुरात ओरडली, "चित्र काढणारा वेगळा, लिहिणारा वेगळा!"

माणसं हसली. शेठ सोडून. पण सोनीचं बोट थांबलेलं नव्हतं. "सर, 'शाळेची गाडी दारापर्यंत येईल.' हे लिवलंय."

सर म्हणाले, "एक ओळ झाली. दुसरी?"

"गाडी गावात येऊन गेली. मी बघितली."

"मग ते खरं धरायचं. गाडी येते."

शेठना बळ आलं. "ऐकलंत? सर सोताच म्हनतायत! आता तुमच्या शाळेत काय लिवलंय, ते पन दाखवा की!"

आमच्या शाळेच्या भिंती रंगवलेल्या आहेत. फळं, पाढे, सुविचार, सगळं भिंतीवर. सोनी वळली आणि भिंत वाचायला लागली. "'आमची शाळा, सुंदर शाळा.'" मग ती थबकली. "सर, इथं लिवलंय, 'पिण्याचे शुद्ध पाणी.' खाली नळ हाय. नळाला पानी नाय."

तो नळ बाळारामशेठनी बसवलेला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी रोज विहिरीवरून हंडे आणत होते. माझं तोंड उघडलंही होतं, पण आवाज आला नाही. पहिल्यांदा हसला तो सोनीचा आजा. त्याच्या तोंडात दात नव्हते, त्यामुळं हसणं शिट्टीसारखं आलं. मग सगळेच.

सर हसले नाहीत. उठले, खिशातून चिंचोका काढला आणि डब्यात टाकला. ठण्ण. "शाळा माझी," ते म्हणाले. "भिंतीवरचं वाक्य उधारीवर आहे, आणि मी रोज त्याच्या शेजारी उभा राहून दुसऱ्यांना ओळी मागत होतो." मग गजाकडं बघून म्हणाले, "ताई, तुम्ही काही म्हणत होतात?"

मी मान हलवली. नाही.

पुढच्या आठवड्यात नळाला पाणी आलं. शेठनी स्वतः उभं राहून काम करून घेतलं, आणि पाणी आल्यावर सोनीला बोलावून म्हणाले, "वाच आता." काही पोरं पिवळ्या गाडीतून गेली, बहुतेक राहिली. त्यातला एक पोरगा पाऊस संपायच्या आत परत आला. आई सांगत होती, "गाडी दारात येती हे खरं, पन कोंबडं उठायच्या आधी येती, ते कुठं लिवलं नव्हतं." शाळा राहिली.

सरांच्या निरोपाच्या दिवशी अंगणात मांडव होता. सोनी तेव्हा मोठ्या शाळेत जात होती, पण खास आली होती. बाळारामशेठ भाषणाला उभे राहिले. "गावंड सर म्हंजे समुद्र! गावंड सर म्हंजे डोंगर!" पुढं बसलेल्या पोरांचे हात वर गेले. शेठ थांबले, कुडत्याच्या खिशात हात घातला आणि दोन चिंचोके काढून टेबलावर ठेवले. "मी आनलेत," ते म्हणाले. "आता बोलू द्या." टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या.

सर शेवटी बोलले. थोडंच बोलले. दुकानदाराचे आभार मानले, पाटीबद्दल. मिनीडोरवाल्याचे मानले. मग म्हणाले, "आणि या ताई. गजाआडून यांनी माझा प्रत्येक धडा ऐकलाय. या एक दिवस लिहितील."

मी पदर तोंडाला लावला. सोनी उभी राहिली. "सर, ओळीवर बोट."

"चवीच्या वहीत एक आहे," सर म्हणाले. "'मीठ बरोबर. सरांना सर्दी.'"

"एक ओळ म्हंजे साक्षीदार, सर. दुसरी कुठंय?"

सरांनी खिसे चाचपले. दुसरी नव्हती. त्यांनी चिंचोका काढला, पण तो डब्यात टाकला नाही. गजांपाशी आले आणि माझ्या हातावर ठेवला. "दुसरी ओळ झाली की परत करा," म्हणाले. "घाई नाही. पण विसरू नका."

इथपर्यंत लिहून मी कागद तांदळाच्या डब्याखाली ठेवले होते. मग परवा मालक कामावर गेल्यावर उठले, रोह्याहून गाडी धरली आणि पेणला उतरले. चिंचोका रुमालाच्या गाठीत. रामवाडीत घर विचारावं लागलं, तीन माणसांशी बोलले.

सर ओसरीवर खुर्चीत होते, डोळ्यांवर काळा चष्मा. बारीक झालेत. माईंनी मला ओळखलं, पोह्याचे पापड भाजून आणले. मी काही बोलले नाही, कागद पुढं केले. सरांनी चष्मा वर केला आणि बोट ठेवलं. रेघांतली भुकटी आता गेलीय, बोट नुसतं बोट झालंय, पण चालतं तसंच, एकेक शब्द करत. पहिल्या पानावर बराच वेळ लागला. मी पापडाचे तुकडे करत बसले. एकदा ते हसले, मिनीडोरवाल्याशी पोचले असावेत. मग बोट थांबलं.

"'सर चिडके नव्हते, पण हट्टी होते.' ताई, हे उधार आहे."

मी उठले. त्यांच्या हातातले पुढचे कागद उलटून मी माझं बोट ठेवलं. "ही लग्नपत्रिका," मी म्हणाले. "आणि ही, कुत्र्याची पाटी."

"दोन झाल्या," सर म्हणाले. "मान्य."

आतून माईंचा आवाज आला, "आनखी पाहिजेत तर मी देते!"

शेवटचं पान संपल्यावर त्यांनी माझ्याकडं पेन मागितलं. खाली, वाकड्या अक्षरात, माझ्याहून वाकड्या, लिहिलं. 'चाखलं. मीठ बरोबर. सर्दी नाही.'

मी रुमालाची गाठ सोडली आणि चिंचोका त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवला, उजेडात धरला, खराच आपला आहे का ते बघितलं. मूठ मिटणार एवढ्यात माई दारात आल्या आणि त्यांनी हात पुढं केला.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "पत्रिकेचा."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. लिहिलेलंच होतं, मी स्वतःच लिहिलं होतं. त्यांनी चिंचोका माईंच्या हातावर ठेवला. माईंनी तो पदराच्या टोकाला बांधला, गाठ ओढून बघितली आणि म्हणाल्या, "फिटली."